ईरप्पाचं पातेलं

सयाजी इंगवलेनं मिशीला काळा कलप लावला, तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की म्हातारा काश्मीरच्या नावानं चळला.

"डोस्क्यावर औषधाला केस न्हाय, आनि मिशीला काळं फासतायसा?" त्याची बायको अंबूबाई म्हणाली. "तिकडची अस्वलं बगून पळत्याल की."

सून पूर्णिमा हसू दाबत आत पळाली. सयाजी आरशासमोरून हलला नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत जन्म काढलेला माणूस, त्याला नटण्यामुरडण्याचं वावडं. स्वतःच्या लग्नात यानं तोंडाला पावडर लावू दिली नव्हती. पण ही मिशी एका माणसासाठी होती, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती हसली नसती, डोळ्यांना पदर लावून बसली असती. निघायच्या दिवशी त्याला ते नको होतं.

तो माणूस म्हणजे ईरप्पा. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत मिरचीचा व्यापार करायचा. संकेश्वरी कुठली आणि ब्याडगी कुठली हे डोळे मिटून, नुसत्या वासावर सांगणारा. घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागावला की दोन्ही. असा हा ईरप्पा गेल्या दोन-तीन वर्षांत विसरत चालला होता. आधी दुकानाच्या किल्ल्या विसरल्या, मग घराची गल्ली, मग माणसं. चन्नम्मावैनींना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, तो कधी कधी थोरली बहीण समजून आक्का म्हणायचा. आणि सयाजी भेटायला गेला की हात जोडून म्हणायचा, "या पावणं, बसा. कुटलं गाव?"

कुठलं गाव! तरुणपणी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीत ज्याच्याबरोबर एका घोंगड्यात हिवाळे काढले, तो विचारतोय कुठलं गाव.

त्यातही खरं दुखणं वेगळंच होतं. चन्नम्मावैनी फोनवर सांगायच्या, "अण्णा, तुमचं नाव रोज निघतंय बगा घरात. 'सया कुटं गेला? सया अजून कसा आला न्हाई?' सांजचं दारात जाऊन बसत्यात. आनि तुमी आला की वळकत न्हाईत. काय म्हनायचं याला?"

ईरप्पा त्याला पार विसरून गेला असता, तर सयाजी एकदा पोटभर रडून मोकळा झाला असता. पण ईरप्पा त्याची वाट बघत होता, आणि तो समोर बसलेला असतानाही बघतच होता. त्याच्या डोक्यात जो सया शिल्लक होता, त्याला दाट केस होते आणि काळीभोर मिशी होती. या टकल्या, पांढऱ्या मिशीच्या म्हाताऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. केसांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. राहता राहिली मिशी.

दिवाळी झाली की ईरप्पाचा मुलगा सोमशेखर आईवडिलांना बेंगळुरूला नेणार होता, कायमचं. त्याच्या आत एकदा, एकदाच, ईरप्पानं आपल्या तोंडाकडं बघून "सया" म्हणावं, एवढंच सयाजीला हवं होतं. बाकी काश्मीर काय, बघितलं काय आणि न बघितलं काय.

काश्मीरचं खूळ मुळात ईरप्पाचंच. त्याच्या दुकानात, गादीच्या वर, एक जुनं कॅलेंडर होतं. महिने केव्हाच फाटून गेले होते, चित्र तेवढं राहिलं होतं: मोठं तळं, मागं बर्फाचे डोंगर आणि पाण्यावर नक्षीची एक लाकडी हाऊसबोट. मिरचीच्या धुरळ्यानं बर्फ तांबूस झाला होता. रस्सा मंडळाच्या प्रत्येक बैठकीत, जेवणं उरकून सगळे आडवे झाले की ईरप्पा म्हणायचा, "एकदा त्या बोटीत जाऊन रस्सा करायचा हाय बगा आपल्याला." सगळे म्हणायचे, "करू की!" आणि मग कुणाच्या बहिणीचं लग्न निघायचं, कुणाचा ऊस तोडणीला यायचा, कुणाची म्हैस व्यायची. असं करता करता चौघंही म्हातारे झाले. आता ईरप्पा बेंगळुरूला जायच्या आत एकदाचं निघायचं ठरलं होतं.

रस्सा मंडळ म्हणजे काय ते कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्याला सांगायचं तर एवढंच, की चार मित्र, चार पातेली आणि नदीकाठची तीन दगडांची चूल. बायकांना तिथं काम नाही. पुरुषांनीच कांदा कापायचा, पुरुषांनीच मसाला वाटायचा, मटण शिजवायचं आणि तांबड्या-पांढऱ्यावरून भांडायचं. यांचं मंडळ चौघांचं. सयाजी आचारी. नेसरीचा जोतीराम, जो पैलवानकी करायला कोल्हापुरात आला आणि खुराक तेवढा शिकून परत गेला. आकाराम, पुढं एसटीत ड्रायव्हर झाला आणि निवृत्त झाल्यावरही जगातल्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवत राहिला. आणि चौथा ईरप्पा, जो मटणाला शिवत नव्हता.

लिंगायताचा पोरगा रस्सा मंडळात काय करतो, असं लोक विचारायचे. काय करतो म्हणजे? मिरची तो आणायचा. मसाला भाजताना वास घेऊन "आता बास" असं तोच म्हणायचा. आणि त्याच्यासाठी एक वेगळं पातेलं होतं, लहानसं, जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं. चूल पेटली की पहिलं पातेलं त्याचं चढायचं. त्यात अख्खा मसूर. त्याला वेगळी पळी. मटणाची पळी त्या पातेल्याच्या आसपास दिसली तर सयाजी अंगावर धावून जायचा. हा नियम कधी कुणी मोडला नाही.

फक्त एक गोष्ट व्हायची. मसूर बुडाला लागायचा. दर वेळी. न चुकता.

ज्या माणसानं फौंड्रीत भट्टीच्या रंगावरून लोखंड ओळखलं, ज्याचं ओतकाम कधी परत आलं नाही, त्याला वाटीभर मसूर सांभाळता येऊ नये? पण त्याचं कारण साधं होतं. मसूर चढला की ईरप्पा पातेल्याजवळ उकिडवा बसायचा आणि दोघांचं बोलणं सुरू व्हायचं. काय बोलायचे, कुणास ठाऊक. गडहिंग्लजच्या बाजारातल्या गमती, फौंड्रीतल्या मालकाच्या नकला, एकमेकांच्या बायकांची गाऱ्हाणी. बोलण्याच्या नादात पळी हातातच राहायची आणि खालून वास यायचा.

"सया, लागला रं आज बी!" ईरप्पा ओरडायचा.

"लागू दे की," सयाजी म्हणायचा. "पोटात गेल्यावर कुटं कळतंय?"

आणि ईरप्पा तो लागलेला मसूर भाकरीबरोबर चाटूनपुसून खायचा. वर म्हणायचाही, "मरायच्या आधी एकदा तरी मला न लागलेला मसूर घाल, मर्दा."

निघायच्या दिवशी सयाजीनं पिशवीत ज्वारीचं पीठ घेतलं, कांदा-लसणाची चटणी घेतली, मसूर घेतला आणि माळ्यावरून ते जर्मनचं पातेलं काढून टॉवेलात गुंडाळलं. पातेल्याला एका बाजूनं पोचा होता आणि बूड कायमचं काळं.

गडहिंग्लजला चन्नम्मावैनींनी ईरप्पाला स्वेटर घालून, कपाळाला भस्म लावून तयार ठेवलं होतं. औषधं समजावून दिली. मग त्या बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, "अण्णा, सोमू नको म्हनत हुता. म्या म्हटलं, जाऊ दे. त्यांच्या माणसांत हाईत तवर जाऊन येऊ देत." एवढं बोलून त्या वळल्या आणि उगाचच दारातली रांगोळी नीट करत बसल्या.

ईरप्पानं गाडीत बसताना सयाजीकडं निरखून बघितलं. सयाजीनं मिशीवरून बोट फिरवलं.

"पावणं," ईरप्पा म्हणाला, "मिशी झ्याक हाय तुमची."

मागच्या सीटवर जोतीराम असा हसला की गाडी हलली.

निजामुद्दीनच्या रेल्वेनं दिल्ली आणि तिथून विमानानं श्रीनगर असा प्रवास झाला. विमानतळावर चटणीचा डबा उघडायला लावला, तेव्हा तपासणारा शिपाई एवढा शिंकला की त्यानं पुढचं काही तपासलंच नाही. विमान उतरताना जरा धडपडलं, तर आकाराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "क्लच सोडायचं कळंना झालंय ह्येला." आणि मग एका दुपारी शिकाऱ्यातून, म्हणजे तिथल्या त्या लांबट छताच्या होडीतून, ते चौघं हाऊसबोटीच्या पायऱ्यांना लागले.

कॅलेंडरातली तीच बोट असावी असं वाटण्याइतकी ती बोट तशी होती. अक्रोडाच्या लाकडाची नक्षी, छताला नक्षी, खुर्च्यांना नक्षी. जोतीराम कशावरही टेकायला भीत होता. मालक मंजूरभाई, पन्नाशीचा हसरा माणूस, दारात केशराचा कहावा, म्हणजे तिकडचा चहा, घेऊन उभा. मागं बांबूंनी जोडलेली दुसरी साधी बोट, तिच्यात त्यांचं स्वयंपाकघर.

ईरप्पा पुढच्या सज्जात गादीवर मांडी घालून बसला. पाणी बघितलं, पाण्यावरची कमळाची पानं बघितली, पलीकडचे डोंगर बघितले. चेहरा खुलला. याला आठवतंय, त्याला वाटलं. कॅलेंडर आठवतंय.

"रंकाळा लई साफ केलाय की आवंदा," ईरप्पा म्हणाला.

"केलाय की," जोतीराम म्हणाला. "आनि तुज्यासाटनं मागं डोंगर बी आनून ठेवल्यात."

"जोत्या," ईरप्पा त्याच्याकडं वळून म्हणाला, "तू गप बस. तुला काय कळतंय?"

जोत्या! जोतीराम चमकला, सयाजीही. जोतीरामचा आवाज नेसरीच्या माळावरून गडहिंग्लजला ऐकू जाईल असा, आणि तो काही म्हातारा झाला नव्हता. आवाजावरून ईरप्पानं त्याला ओळखलं होतं. पुढच्या दिवसांतही मधून मधून तो जोत्या म्हणत राहिला. आकारामलाही एकदा, तो शिकारेवाल्याशी भांडत असताना, "आक्या, उतार तेला आनि तूच चालीव" असं म्हणाला. राहिला एकटा सयाजी. तो आपला पावणं तो पावणंच.

सयाजीला हेवा वाटला, खोटं कशाला बोला. जोतीराम वर्षावर्षात गडहिंग्लजकडं फिरकायचा नाही. ईरप्पाच्या बापाच्या आजारपणात दवाखान्यात जागलं कोण? सोमशेखरच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या कुणी? आणि ओळख कुणाला, तर या बोंबल्याला. असं मनात आलं आणि त्याची त्यालाच शरम वाटली. तो उठून आत गेला आणि टॉवेलातलं पातेलं बाहेर काढलं.

मंजूरभाईला स्वयंपाकघर मागताना जरा जड गेलं. पण जोतीरामनं त्याला मिठी मारून "भाई, हमारा मंडळ है" एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं आणि तो बिचारा हो म्हणाला. जर्मनचं पातेलं बघून मात्र त्यानं तोंड वाकडं केलं. "इसमें पकाओगे? ये तो जला हुआ है," असं म्हणून त्यानं फळीवरून कल्हई केलेलं, जाड बुडाचं तांब्याचं भांडं काढून दिलं.

सयाजीनं ते हातात तोलून बघितलं. लोखंडात आयुष्य गेलेल्या माणसाला चांगला धातू हातात घेतला की कळतो. त्याच्या मनात आलं, ईरप्पा जन्मभर म्हणत आला, एकदा तरी न लागलेला मसूर घाल. आज घालायचाच. असा घालायचा की तोंडातून आपोआप नाव बाहेर पडलं पाहिजे. जर्मनचं पातेलं त्यानं बाजूला ठेवलं.

मग त्यानं जोतीराम आणि आकारामला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. ईरप्पाला सज्जात उन्हाला बसवलं. दार ओढून घेतलं आणि त्या तांब्याच्या भांड्यासमोर असा उभा राहिला, जसा कधी भट्टीसमोरही राहिला नव्हता. कांदा सोनेरी झाला तेवढ्यातच टोमॅटो पडला, चटणी पडली, तेल सुटलं. मसूर फुटला नाही आणि कच्चाही राहिला नाही. पळी एक क्षण थांबली नाही. त्याच्याशी कुणी बोललं नाही आणि तोही कुणाशी बोलला नाही.

ईरप्पानं भाकरीचा तुकडा मोडला, मसुरात बुडवला, खाल्ला. मान डोलावली. पुन्हा खाल्ला.

"पावणं," तो म्हणाला, "मसूर लई ब्येस झालाय. हाटेल हाय काय तुमचं?"

जोतीराम उगाचच भाकरी मोडत बसला.

ईरप्पा खात राहिला. अर्धी भाकर झाल्यावर आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आमचा एक सया हाय. तेला असला जमत न्हाय. तेचा बुडाला लागतोय." आणि हसला. असं हसला की बोळकं तोंड, सुरकुतलेले डोळे, सगळं हसलं. "तेचाच ग्वाड लागतोय खरं."

सयाजी पाणी आणायच्या निमित्तानं उठला आणि मागच्या बोटीत जाऊन बसला. आपण काय केलं ते त्याला तेव्हा उमगलं. सगळं आयुष्य ज्याच्या हातचा मसूर लागला, त्यानं तो लागू दिला नाही, मग त्याला ईरप्पानं ओळखावं कशावरून? लागलेला मसूर ही त्या दोघांची खूण होती, आणि आज मोठ्या शहाणपणानं त्यानं ती पुसून टाकली होती. मंजूरभाईचं तांब्याचं भांडं त्यानं घासूनपुसून फळीवर ठेवलं आणि त्याच्याकडं पुन्हा बघितलं नाही.

मधले दिवस फिरण्यात गेले. बागा झाल्या, चिनारची तांबडी पानं झाली, पाण्यावर तरंगणारे भाजीचे वाफे झाले. जोतीरामनं त्यातला एक वाफा विकत मागितला. ईरप्पा कधी खुशीत असायचा, कधी घाबरून "घरला चला" म्हणायचा. मग सयाजी त्याचा हात धरून बसायचा. पावण्याचा हात म्हणून का असेना, ईरप्पा तो सोडायचा नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी सयाजीनं जाहीर केलं, "आज पुन्यांदा मसूर. आनि आज लावायचा."

"म्हंजे?" आकाराम म्हणाला.

"बुडाला लावायचा. मुद्दाम."

जर्मनचं पातेलं चढलं. पण मुद्दाम मसूर लावणं हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. सयाजीनं गॅस मोठा करावा आणि मंजूरभाईनं येता जाता तो लहान करावा. सयाजीनं हात बांधून बसावं आणि मंजूरभाईनं पळी घेऊन ढवळावं. शेवटी सयाजी वैतागला. "रहने दो भाई! जलने दो!" मंजूरभाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की या चौघांतला आजारी नेमका कोण याची त्याला शंका आली असावी. तो डोक्याला हात लावून बाहेर गेला.

तरीही पळी आपोआप सयाजीच्या हातात येत होती. वास जरा बदलला की हात हलत होता. तोंडानं लावायचा म्हटलं तरी स्वयंपाक करणाऱ्याचा हात ते ऐकत नाही. पुन्हा भीती वेगळीच: जळून कोळसा झाला तर तोही चालणार नाही. लागलेला म्हणजे लागलेला, करपलेला नव्हे.

दारात उकिडवा बसलेला जोतीराम म्हणाला, "सया, तुला आठवतंय का रं, आंबोलीच्या वाटंला गाडी बंद पडली हुती ते?"

"गाडी न्हवती पडली," आकाराम एकदम तापला. "डिझेल संपलं हुतं. आनि डिझेल भरायचे पैसं तू भज्यात घातलतास."

"म्या? आनि ईरप्पा मिरचीचं पोतं डोक्यावर घिऊन घाट चढला ते? कशासाटनं? पोतं गाडीत ठेवलं तर माकडं न्हेत्याल म्हणून!"

"माकडं कशाला मिरची न्हेतील?" सयाजी म्हणाला. "तेला वर जाऊन त्या हाटेलातल्या बाईला दाखवायची हुती मिरची. ती म्हनलीवती, तुमच्या गडहिंग्लजची तिखट न्हाय."

"आनि तिनं एक चावून बगितली..."

"आनि तिचा नवरा बादली घिऊन आला!"

तिघंही हसायला लागले. जोतीरामला ठसका लागला. आकाराम डोळे पुसत म्हणाला, की त्या बाईनं नंतर चहाचे पैसे घेतले नव्हते. सयाजी म्हणाला, घेतले होते, दुप्पट घेतले होते. मग त्यावरून वाद. मग मंगळवार पेठेतली खोली निघाली, खोलीची मालकीण निघाली, तिचा कोंबडा निघाला, जो एका रविवारी नाहीसा झाला आणि ज्याचं पुढं काय झालं हे फक्त ईरप्पाला माहीत नव्हतं, कारण तो त्या दिवशी मसूर खात होता. पाण्यावरून थंड वारा येत होता, बोट हलकेच डुलत होती, आणि मंगळवार पेठ अशी जवळ आली होती की हात लांबवला तर दाराची कडी लागावी.

आकाराम आधी थांबला. नाक वर करून म्हणाला, "वास कसला येतोय?"

सयाजी पळी टाकून उठला. मसूर लागला होता. त्यानं लावला नव्हता, तो लागला होता, त्याच्या त्यालाच, पूर्वी लागायचा तसा.

दुपारच्या उन्हात सज्जात पानं मांडली. सयाजीनं ईरप्पाला वाढलं आणि भाकरी हातात घेऊन बाजूला उभा राहिला.

ईरप्पानं घास घेतला. चावता चावता थांबला. मग दुसरा घास घेतला, हळू. भाकरी खाली ठेवली आणि जोतीरामकडं बघून म्हणाला, "जोत्या, सया आलाय व्हय रं?"

जोतीरामचा तो मोठा आवाज गेला कुठं कुणास ठाऊक. "आलाय की," तो कसाबसा म्हणाला.

"मग बोलीव तेला. मागं चुलीपशीच बसला असंल. सगळ्यांचं झाल्याबिगर जेवत न्हाय ते येडं."

सयाजी हाताच्या अंतरावर उभा होता. जोतीरामनं डोळ्यांनी खुणावलं, जा, मागनं ये. तेव्हा तो वळला आणि मागच्या बोटीत गेला. तिथं त्यानं तोंडावर पाणी मारलं. स्वेटर काढला. पातेलं गुंडाळून आणलेला टॉवेल कमरेला बांधला, नदीकाठी बांधायचा तसा. आपलं ताट घेतलं आणि बाहेर आला.

"आलो," तो म्हणाला.

ईरप्पानं वर बघितलं. कमरेचा टॉवेल बघितला, हातातलं ताट बघितलं, मग तोंडाकडं बघितलं. किती तरी वेळ बघत राहिला. मग सरकून गादीवर जागा केली.

"बस. आज बी लागला रं, सया."

सयाजी बसला. आता काय म्हणायचं ते त्याला माहीत होतं. जन्मभर म्हणत आला होता. पण तो नुसता ताटातल्या मसुराकडं बघत राहिला.

ईरप्पानं वाट बघितली. मग कोपरानं ढोसलं. "म्हन की. पोटात गेल्यावर कुटं कळतंय."

"पोटात गेल्यावर कुटं कळतंय," सयाजी म्हणाला आणि रडायलाच लागला. आकाराम तळ्याकडं तोंड करून बसला. जोतीराम लाज सोडून सयाजीबरोबर रडत होता.

ईरप्पाला त्या रडण्याचं काही नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यानं आपली अर्धी भाकर मोडून सयाजीच्या ताटात टाकली, मंडळात नेहमी टाकायचा तशी. मग मान वाकडी करून त्याच्या तोंडाकडं जरा बारकाईनं बघितलं.

"सया," तो म्हणाला, "मिशीला काळं कशाला फासलंस रं? पांडरी बरी दिसत हुती की."